दुसऱ्यांच्या सिनेमांतून जुळवलेलं घड्याळ : ‘द क्लॉक’ आणि आपलं बघणं

मृण्मयी_एनजे
६ एप्रिल २०२५, सकाळी ७:५०

काल आईला घेऊन न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात गेले होते. आई तीन महिन्यांसाठी साताऱ्याहून आली आहे. तिला इंग्रजी सिनेमाची सवय नाही, व्हिडिओ आर्ट हा शब्द तर तिने कालच पहिल्यांदा ऐकला. ‘बाहेर पाऊस आहे, आत सोफे आहेत, पाय मोकळे होतील’ एवढं सांगून तिला आत नेलं. पावणेदोनला बसलो, उठलो तेव्हा पाच वाजून गेले होते. आल्यापासून डोक्यात तेच आहे, म्हणून हा धागा.

कलाकृतीचं नाव ‘द क्लॉक’, कलाकार ख्रिश्चन मार्क्ले. २०१० साली लंडनच्या व्हाइट क्यूब गॅलरीत ती पहिल्यांदा दाखवली गेली. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात मार्क्लेला तिच्यासाठी सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला. लांबी २४ तास. सिनेमा आणि टीव्हीतले सुमारे १२,००० तुकडे एकापुढे एक जोडले आहेत. जवळजवळ प्रत्येक तुकड्यात कुठेतरी घड्याळ दिसतं, नाहीतर कुणीतरी किती वाजले ते बोलतं. आणि पडद्यावर जे वाजले असतात तेच तुमच्या मनगटावर वाजलेले असतात. पडद्यावर २:१७, तर बाहेर रस्त्यावरही २:१७. ज्या गावात लावतील तिथल्या वेळेशी ते जुळवून घ्यावं लागतं.

भागाकार केला तर एक तुकडा सरासरी सात सेकंदांचा. गोष्ट अशी नाहीच. एकाने दार उघडलं की दुसऱ्याच सिनेमातल्या, वीस वर्षांनंतरच्या खोलीत दुसराच माणूस आत येतो. एक बाई फोन उचलते आणि पलीकडून बोलणारा कृष्णधवल काळातला असतो. तरी मन पुढचा दुवा शोधत राहतं. मी सारखी ओळखत होते, हा नट अमक्यातला, ही जागा तमक्यातली. तासाभराने दमले, ओळखणं सोडून दिलं, तेव्हा खरं बघणं सुरू झालं.

आई मात्र पहिल्यापासून नुसती बघत होती. ओळखण्यासारखं तिच्याकडे काहीच नव्हतं. तीन-सव्वातीनच्या सुमारास ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, ‘यातलं कुणीच निवांत बसलेलं नाही गं. सगळे कुणाची तरी वाट बघतायत, नाहीतर कुणाला तरी उशीर झालाय.’

मी गप्पच झाले. सिनेमात घड्याळ दाखवतात ते अशाच वेळी. गाडी सुटणार असते, फाशी होणार असते, बॉम्ब फुटणार असतो, प्रियकर आलेला नसतो. शंभर वर्षं सिनेमाने आपल्याला वेळ म्हणजे ताण, एवढंच शिकवलं. चार वाजायला आले तेव्हा आईने चहाची आठवण काढली, पडद्याकडे बघूनच. पण उठली नाही.

मला विचारायचंय ते असं. आपण आयुष्यभर जे बघत आलो, सिनेमे, मालिका, जाहिराती, त्यांचं आपल्यात नक्की काय होतं? आणि ते उचलून, कापून, पुन्हा आपल्यापुढे मांडणारे हे कलाकार तुम्ही कुणी पाहिले आहेत का? इथे लिहाल का?

---

शेवटचा_बाक
६ एप्रिल, सकाळी ९:१५

लेख आवडला, आईंचं वाक्य तर फारच. पण एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. दुसऱ्यांनी मेहनतीने केलेले सिनेमे कापून जोडायचे आणि त्याला सुवर्णसिंह द्यायचा, हे पटत नाही. माझा पुतण्या अकरावीत आहे, तो मोबाइलवर रोज हेच करतो. यात कला कुठे आली?

---

संकलक
६ एप्रिल, सकाळी ११:४०

मी बारा वर्षं एडिटिंग करतोय, आधी मालिका, आता माहितीपट. म्हणून शेवटचा_बाक यांच्या शंकेवर लिहितो.

कापणं सोपं झालंय हे खरं. अवघड असतं ते शोधणं आणि ऐकवणं. मार्क्लेकडे मदतनीसांची तुकडी होती. ते सिनेमे बघून घड्याळाचे शॉट वेचत, तो मिनिटांच्या खणांत ते लावत जाई. यात तीनेक वर्षं गेली. दुपारी बाराला आणि मध्यरात्रीला शॉटच शॉट, कारण प्रत्येक दिग्दर्शकाला टोल हवे असतात. पहाटे चार ते पाच मात्र दुष्काळ. त्या वेळी सिनेमातली माणसंही झोपलेली असतात, म्हणून तिथे स्वप्नांची दृश्यं जास्त येतात.

दुसरी गोष्ट आवाजाची. मार्क्ले मूळचा संगीतातला माणूस. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून तो तबकड्या आणि टर्नटेबल घेऊन वाजवत आलाय. तबकड्या कापून त्यांचे तुकडे एकमेकांना चिकटवायचा आणि ती जोडतबकडी वाजवायचा. मृण्मयीताई, पुढच्या वेळी गेलात तर पाच मिनिटं डोळे मिटून बसा. चित्र तुटतं तिथे आवाज तुटत नाही. एका सिनेमातला पाऊस पुढच्या तीन सिनेमांवरून वाहत जातो. आमच्या भाषेत हा साधा ओव्हरलॅप, पण २४ तास तो असा सांभाळायचा की बघणाऱ्याला सांधा जाणवू नये, हे मी माझ्या हातांनी करू शकणार नाही.

याच वाटेवरचं आधीचं एक काम आहे. डग्लस गॉर्डन या कलाकाराने १९९३ मध्ये ग्लासगोच्या ‘ट्रॅमवे’ या कलाकेंद्रात हिचकॉकचा ‘सायको’ इतका संथ केला की तो संपायला २४ तास लागतात. १०९ मिनिटांचा सिनेमा, सेकंदाला साधारण दोन फ्रेम, आवाज नाही. न्हाणीघरातला तो प्रसिद्ध खून मूळ सिनेमात जेमतेम पाऊण मिनिटाचा. तिथे तो दहा मिनिटांच्या आसपास चालतो. पुढे काय होणार हे सगळ्यांना माहीत असतं आणि ते होतच नाही. मार्क्लेने वेळ सिनेमात भरली, गॉर्डनने ती एका सिनेमातून ताणून बाहेर काढली. दोघांनीही स्वतः कॅमेरा हातात घेतला नाही.

---

नीरजा_क
६ एप्रिल, दुपारी १:०५

संकलक, डोळे मिटून बसायची सूचना उत्तम.

शेवटचा_बाक, तुमच्या पुतण्याच्या मुद्द्यावर थोडं मागे जाऊ या. मी पुण्यात माध्यमं शिकवते आणि दरवर्षी पहिल्याच तासाला डारा बर्नबॉम या अमेरिकन व्हिडिओ कलावतीचं काम दाखवते. १९७८-७९ मधलं, सहा मिनिटांपेक्षाही कमी. ‘वंडर वुमन’ नावाची अमेरिकन मालिका तेव्हा चालू होती. त्यात साध्या कपड्यांतली कार्यालयीन बाई गरकन फिरते, प्रकाशाचा स्फोट होतो आणि ती महानायिका होते. बर्नबॉमने ती गिरकीच उचलली. बाई फिरते, स्फोट. पुन्हा फिरते, स्फोट. पुन्हा. आरशांच्या दालनात फिरते, रानात फिरते. कुठे पोहोचतच नाही. शेवटी एक डिस्को गाणं वाजतं आणि पडद्यावर त्याचे शब्द सरकत जातात. कानावरून सहज घसरणारे ते शब्द वाचायला लागल्यावर किती उघड लैंगिक आहेत ते कळतं.

मुलं पहिल्यांदा म्हणतात, ‘मॅडम, हे तर रील आहे.’ मग मी त्यांना विचारते, तेव्हा हे करायला काय लागत असेल? घरात टीव्ही होता, पण चालू कार्यक्रम थांबवायची, मागे न्यायची सोय फार थोड्या घरांत होती. टीव्ही बोलायचा, आपण ऐकायचं. बर्नबॉमला ती चित्रफीत टीव्ही व्यवसायातल्या ओळखीच्या लोकांकडून मिळवावी लागली. आणि तिने आपलं काम आधी दाखवलं कुठे? न्यूयॉर्कमधल्या सोहोत, एका केशकर्तनालयाच्या खिडकीत. आत बायका दुसरं रूप घ्यायला बसलेल्या आणि खिडकीत ही सतत रूप बदलत असलेली.

टीव्हीला उलट उत्तर द्यायची ही पहिल्या काही प्रयत्नांतली एक खेप. पुतण्याच्या हातात आज ते हत्यार फुकट आहे, ही चांगलीच गोष्ट. तो कुणाला उत्तर देतोय एवढंच विचारून बघा.

---

शेवटचा_बाक
६ एप्रिल, दुपारी ४:३०

नीरजाताई, विचारलं. तो म्हणाला, ‘उत्तर नाही देत, आवडतं म्हणून करतो.’ यावर मी विचार करतोय. आवडतं म्हणून करणं हेही काही कमी नाही असं वाटायला लागलंय. पण परवानगीचं काय? ज्यांचे सिनेमे वापरले त्यांना मार्क्लेने विचारलं होतं का?

---

संकलक
६ एप्रिल, संध्याकाळी ६:२०

नाही. १२,००० तुकड्यांच्या परवानग्या घ्यायला एक आयुष्य पुरलं नसतं. अमेरिकेत ‘फेअर यूज’चं तत्त्व आहे, मूळ वस्तूला नवा अर्थ दिला तर मोकळीक मिळू शकते. त्या भरवशावर तो चालला. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये ‘फेअर डीलिंग’ आहे, पण त्याचं कुंपण बरंच आखूड. सिनेमाचा हक्क मात्र आपल्याकडे प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे १९६४ पर्यंतचे सिनेमे २०२५ मध्ये मोकळे आहेत. ज्यांना प्रयोग करायचाय त्यांनी हे ध्यानात ठेवावं. मुंबईच्या कॅम्प या कलाकारगटाने इतर संस्थांबरोबर ‘पाद्मा’ (२००८) आणि ‘इंडियनसिनेमा’ (२०१३) असे दोन ऑनलाइन संग्रह उभारलेत. तिथे चित्रणावर शॉटगणिक टिपणं लिहिता येतात. एडिटरच्या दृष्टीने हा खजिना आहे.

मार्क्लेच्या बाबतीत एक उलटा प्रसंगही घडला. १९९५ मध्ये त्याने ‘टेलिफोन्स’ नावाचं साडेसात मिनिटांचं काम केलं होतं. सिनेमातली माणसं फोन फिरवतात, घंटा वाजते, ‘हॅलो’ म्हणतात, ठेवतात. अॅपलने जाहिरातीसाठी ते मागितलं, त्याने नकार दिला. २००७ मध्ये आयफोनची पहिली जाहिरात आली, तिच्यात सिनेमा-टीव्हीतली माणसं एकामागून एक ‘हॅलो’ म्हणतात. तो कोर्टात गेला नाही. मला हा निर्णय सरळ वाटतो. जो स्वतः सगळ्यांच्या अंगणातून फुलं वेचतो त्याने आपल्या अंगणाला कुलूप लावू नये.

---

सुलभा_दादर
७ एप्रिल, सकाळी ८:१०

वाचतेय मन लावून. इथे सगळे सिनेमाबद्दल बोलताहेत, मला बघणाऱ्या माणसांबद्दल लिहायचंय.

जर्मनीत शिकत असताना कँडिस ब्राइट्झचं ‘क्वीन’ पाहिलं. ही कलाकार जोहान्सबर्गची, आता बर्लिनमध्ये असते. २००५ साली तिने मिलानमध्ये मॅडोनाचे ३० इटालियन चाहते जमवले. आवाज चांगला आहे का हे पाहिलं नाही, किती जीव आहे ते पाहिलं. एकेकाला स्टुडिओत एकट्याने उभं केलं आणि मॅडोनाच्या निवडक गाण्यांचा एक अख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत गाऊन घेतला, सत्तरहून जास्त मिनिटं. मूळ संगीत फक्त त्यांच्या कानात. आपल्याला ते ऐकू येत नाही. भिंतीवर ३० पडदे, ३० माणसं आणि फक्त त्यांचे आवाज. त्याच वर्षी बर्लिनमध्ये मायकल जॅक्सनचे १६ आणि जमैकात बॉब मार्लेचे ३० चाहते घेऊन तिने असंच केलं.

गाताना ती माणसं बघण्यासारखी होतीच, पण मला धरून ठेवलं ते मधल्या जागांनी. गाण्यात नुसती वाद्यं वाजत असतील तेव्हा आपल्याला शांतता ऐकू येते आणि तीस जण आपापल्या पडद्यात श्वास घेत, मान हलवत, पुढची ओळ यायची वाट बघत उभे असतात. कुणी बेसूर, कुणी फारच तयारीचा, कुणी जिथे इंग्रजी येत नाही तिथे आवाज पुसट करणारा. मॅडोना कुठेच नाही. तिची जागा भरून काढणारे हे तीस जण.

माझी मावशी गिरगावातल्या चाळीत भांडी घासताना रेडिओवरची गाणी मधल्या म्युझिकसकट म्हणायची. सतारीचे तुकडेही तोंडाने. ‘क्वीन’समोर उभी असताना मला ती दिसली. तिचं ते गाणं कुणी टिपून ठेवलं नाही. आपल्याकडे गायकांची चरित्रं आहेत, ऐकणाऱ्यांची नाहीत.

---

मृण्मयी_एनजे
७ एप्रिल, सकाळी ९:००

सुलभाताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘सतारीचे तुकडे मीही म्हणायचे की.’ आणि म्हणून दाखवले.

---

नीरजा_क
७ एप्रिल, सकाळी ११:३०

ब्राइट्झचंच २०१६ चं ‘लव्ह स्टोरी’ इथे नोंदवायला हवं. २०१७ मध्ये व्हेनिसला दक्षिण आफ्रिकेच्या दालनात ते होतं. घर, देश सोडावा लागलेल्या सहा जणांच्या लांबलचक मुलाखती तिने घेतल्या. सीरियातून समुद्र ओलांडून आलेली एक तरुण मुलगी, अंगोलातला एक माजी बालसैनिक, भारतातली एक ट्रान्सजेंडर कार्यकर्ती, असे. मग त्या मुलाखतींतले अंश अॅलेक बाल्डविन आणि जूलिअन मूर या दोन हॉलिवूड नटांकडून कॅमेऱ्यासमोर बोलून घेतले. पहिल्या खोलीत मोठ्या पडद्यावर हे दोन ओळखीचे चेहरे. आतल्या खोलीत सहा लहान पडदे, तिथे ती खरी माणसं आपापली कहाणी पूर्ण सांगताहेत, अनेक तासांची.

वर्गात यातले तुकडे दाखवते तेव्हा एक गोष्ट मी स्वतःत आणि मुलांत पाहिली आहे. जूलिअन मूर बोलत असताना डोळे पाणावतात. तेच शब्द ज्याचे त्याच्या तोंडून येतात तेव्हा लक्ष घड्याळाकडे जातं. मला याचा त्रास होतो. आणि असा त्रास व्हावा म्हणूनच ते काम आहे, असं मी मानते. बातम्यांत रोज येणारी माणसं आपल्याला दिसेनाशी का होतात, याचं एक उत्तर त्या दोन खोल्यांमधल्या उंबरठ्यावर आहे.

---

अरुण_ठाकूरद्वार
७ एप्रिल, दुपारी ३:४५

मी ७१ वर्षांचा. कलेचा अभ्यासक नाही, बँकेत होतो. पण १९९९ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये चित्रकार नलिनी मालानी यांचं काम पाहिलं होतं, ते अजून डोळ्यांपुढे आहे. ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’. मंटोंच्या फाळणीवरच्या कथेचा धागा धरून केलेलं, पोखरणच्या अणुचाचण्या झाल्या त्या १९९८ सालचं. जमिनीवर पत्र्याच्या बारा ट्रंका, तोंडं उघडी, आत टीव्हीचे पडदे चालू. भिंतींवर मोठ्या चित्रफिती. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन बायका एक साडी घडी घालायचा प्रयत्न करतात, आणि मध्ये अख्खी खोली. अणुस्फोटाची चित्रणं, विस्थापितांची चित्रणं.

चाचणीच्या दिवशी आम्ही बँकेत टीव्हीभोवती उभे राहून टाळ्या वाजवल्या होत्या. मीही वाजवल्या. अणुस्फोटाचा ढग ट्रंकेच्या पत्र्यावर चमकताना पाहिला आणि हात खिशात घातले. आमच्या घरात तशी एक ट्रंक होती, आईच्या माहेरची. त्या ट्रंकेत टीव्ही पाहिल्यावर बातमी घरात आली. एवढंच सांगायचं होतं.

---

खाडीपलीकडे
७ एप्रिल, रात्री १०:५५

इतके दिवस नुसता वाचक होतो, आज लिहितो. संकलकांनी कॅम्पचं नाव घेतलं म्हणून.

मी रत्नागिरीजवळच्या खाडीवरचा. माझा भाऊ मालवाहू जहाजावर आहे. मुंबईत एका मित्राबरोबर मी कॅम्पचा ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’ पाहिला, २०१३ चा, ८३ मिनिटांचा. कच्छच्या आखातातून लाकडी वहाणं, म्हणजे मालवाहू गलबतं, शारजा, इराण, सोमालियाकडे जातात. त्यांवरच्या खलाशांनी स्वतःच्या मोबाइलवर टिपलेले व्हिडिओ एकत्र करून हा सिनेमा झालाय. त्यात गुजराती आहेत, सिंधी, बलुच, इराणीही आहेत. काही चित्रण कॅम्पचंही आहे, पण जीव खलाशांच्या व्हिडिओंचा. कुठे पडदा छोटा, कुठे चित्राचे चौकोन फुटलेले. जुने मोबाइल तसेच होते.

हे खलाशी व्हिडिओ नुसता ठेवत नाहीत. त्याला गाणं लावतात. डॉल्फिन दिसले की एक गाणं, वहाण बुडताना दिसलं की दुसरं, कव्वाली, सिनेमातलं, भजन. मग तो एकमेकांच्या मोबाइलवर फिरतो. कॅम्पने ती गाणी काढली नाहीत, जशी लावली होती तशीच ठेवली. मला त्याचं फार वाटलं. एखाद्याने ‘स्वच्छ’ करायचं म्हणून समुद्राचा खरा आवाज घातला असता आणि सगळं मेलं असतं.

शेवटचा_बाक, तुमचा पुतण्या आवडतं म्हणून करतो म्हणालात ना, तसंच हे. दीड दीड महिना चारी बाजूंना पाणी असताना माणूस गाणं लावतो ते उगाच नाही. भाऊ पाठवतो ते व्हिडिओ आमच्या घरी आई दिवसातून दहा वेळा बघते. समुद्र तिला आवडत नाही. गाण्यासाठी बघते, कारण ते त्याने निवडलंय.

---

सुलभा_दादर
८ एप्रिल, सकाळी ७:३०

खाडीपलीकडे, लिहीत जा. मी ‘ऐकणाऱ्यांची चरित्रं नाहीत’ म्हणाले होते. तुम्ही सांगितलेला सिनेमा तेच की.

---

संकलक
८ एप्रिल, सकाळी ८:१५

+१. आणि मी माझं एक वाक्य सुधारतो. वर म्हणालो, अवघड असतं ते शोधणं आणि ऐकवणं. यात तिसरं घाला : हात न लावणं. त्या खलाशांच्या व्हिडिओतला ढासळलेला आवाज कुठलाही एडिटर आधी दुरुस्त करायला जाईल. मीही गेलो असतो.

मोमातच कॅम्पचं प्रदर्शन आहे, जुलै २०२५ पर्यंत. त्यात ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’ आहे, सात पडद्यांचं. मध्य मुंबईतल्या एका उंच इमारतीवर बसवलेला सीसीटीव्ही कॅमेरा दुरून चालवून त्यांनी शहर टिपलंय. कॅमेरा टॉवरच्या टोकावरून सावकाश खाली उतरतो, पार पत्र्याच्या छपरांपर्यंत. पाळत ठेवायचं यंत्र, पण नजर माणसाची. मृण्मयीताई, आईंना न्याच.

---

मृण्मयी_एनजे
८ एप्रिल, सकाळी ९:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी पुन्हा जातोय. आईने स्वतःहून विचारलं, ‘त्या घड्याळाकडे सकाळी गेलो तर सकाळचं दिसेल ना?’ म्हणजे आधी तिथे, साडेदहाला दार उघडताच. मग मुंबईकडे.

खाडीपलीकडे, एक विचारू का? तुमच्या भावाने सगळ्यात अलीकडे पाठवलेल्या व्हिडिओला गाणं कुठलं होतं?

---

खाडीपलीकडे
८ एप्रिल, रात्री ११:२०

गाणं नव्हतं. आमच्या गावच्या नमन-खेळ्यांतला मृदंग होता, शिमग्यात मी मोबाइलवर टिपून त्याला पाठवलेला. त्यावर त्याने तांबड्या समुद्रातली पहाट लावली आहे. मध्ये कुठेतरी माझाच खोकला ऐकू येतो, तो त्याने तसाच ठेवलाय.